चांद्याच्या लोहखनिजापासून गुम्मिडिपूंडीच्या भंगारापर्यंत

चेन्नईच्या उत्तरेला, आंध्रच्या सीमेजवळ गुम्मिडिपूंडी आहे. इथल्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत आणि तिच्या आसपास भंगारापासून बांधकामाच्या सळ्या करणारे कारखाने आहेत. मोडीत काढलेली यंत्रे, जुने गर्डर, पत्र्याची कात्रणे विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळतात. त्या रसाचे बिलेट म्हणजे लांब ठोकळे ओततात आणि बिलेटची सळई होते. या भट्टीला खाणही लागत नाही आणि कोकही लागत नाही. लोखंडाच्या कच्च्या मालाची जुनी अडचण नेमकी इंधनाचीच होती.

1830च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या जोशिया हीथने पोर्टो नोव्हो, म्हणजे आजच्या परंगीपेट्टईला, ईस्ट इंडिया कंपनीच्या मदतीने लोखंडाचा कारखाना काढला. खनिज सेलमचे होते आणि इंधन लोणारी कोळशाचे. जंगल तोडून भट्ट्या पेटत्या ठेवणे परवडले नाही आणि पुढे तो उद्योग बसला.

1882 साली रिटर फॉन श्वार्त्स या युरोपीय तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाविषयीचा अहवाल आला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम आहे आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ आहे, असे त्याचे म्हणणे. जमशेटजी टाटांनी तो अहवाल वाचला आणि वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. तो भट्टीला चालणारा निघाला नाही. खाणपरवान्याच्या सरकारी अटीही जाचक होत्या. त्या 1899मध्ये सैल झाल्या, तेव्हा टाटांचा बेत पुन्हा उभा राहिला. शेवटी कारखाना उभा राहिला तो झरियाच्या कोळशाला जवळ असलेल्या साकचीत.

पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारा माल आटला. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी संचालक थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखाली 1916 ते 1918 या काळात औद्योगिक आयोग बसला. उद्योगांच्या उभारणीत सरकारने स्वतः उतरावे, हा त्याचा सल्ला. स्वातंत्र्यानंतर 1948मध्ये भारतीय खाण ब्यूरो स्थापन झाला. त्याचे मुख्यालय आज नागपुरात आहे. 1957मध्ये खाण व खनिज कायदा आला. या साऱ्या काळात खनिजांविषयीच्या सल्ल्याचा रोख एकच होता: जमिनीखाली काय आहे ते शोधा आणि जपून काढा.

खनिज मुबलक मिळाले, पण चांगल्या कोकिंग कोळशासाठी देश आजही मुख्यतः आयातीवर अवलंबून आहे. म्हणून 2019चे पोलाद भंगार पुनर्वापर धोरण मला या वंशावळीतले मोठे वळण वाटते. एक टन भंगार वापरले की 1.1 टन लोहखनिज, 630 किलो कोकिंग कोळसा आणि 55 किलो चुनखडी वाचते, असा हिशेब त्यात मांडला आहे. त्या धोरणाने गोळा करणारी आणि सुटे भाग करणारी केंद्रे सुचवली. 2025च्या नियमांनी जुन्या गाड्यांतले पोलाद परत मिळवण्याची जबाबदारी वाहननिर्मात्यांवर टाकली. चांद्यात अडलेल्या प्रश्नाचे एक उत्तर आता भंगारवाल्याच्या वखारीत आहे.

उत्तर पुरे होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. इंडक्शन भट्टी भंगार वितळवते, पण त्यातले तांबे आणि फॉस्फरस काढून टाकू शकत नाही. ते सळईत उतरतात. म्हणून निवड भट्टीत माल घालण्यापूर्वीच व्हायला हवी, आणि ती करणाऱ्या हातांना हातमोजे, मास्क व रास्त मजुरी मिळायला हवी. दुसरी गोष्ट धुराची. गुम्मिडिपूंडीतल्या रहिवाशांच्या प्रदूषणाविषयीच्या तक्रारी जुन्या आहेत. रंग, तेल आणि जस्ताचा मुलामा असलेले भंगार तापले की धूर उठतो. भट्टीच्या तोंडाशीच तो ओढून गाळला नाही, तर खाणीजवळच्या गावाचा त्रास भट्टीजवळच्या गावाला होतो.

खनिजाच्या शाश्वत पुरवठ्याचा सल्ला आजवर टनांत मोजला गेला. यापुढे प्रत्येक भट्टीच्या परवान्यात धूर गाळण्याची यंत्रणा आणि कामगारांची आरोग्यतपासणी सक्तीची असावी, आणि हवेचे आकडे शेजारच्या गावाला तमिळमध्ये वाचता यावेत. वाचलेल्या कोळशाइतकाच तोही या धोरणाचा हिशेब आहे.