विधी सल्ला केंद्रांचे शासकीय अनुदान (इंग्लंड व वेल्स)

वकिलाचे शुल्क न परवडणाऱ्या नागरिकांना मोफत कायदेशीर सल्ला देणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना इंग्लंड व वेल्समध्ये केंद्र सरकार आणि स्थानिक परिषदा अर्थसाहाय्य देतात. यांत पगारी वकील नेमून खटलेही चालवणारी ‘लॉ सेंटर’ आणि मुख्यतः प्रशिक्षित स्वयंसेवकांवर चालणारी ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ची कार्यालये प्रमुख होत. त्यांच्याकडे येणारे तंटे घरभाडे, नोकरी, कर्ज व सरकारी भत्ते यांविषयीचे असतात. पुष्कळदा प्रतिपक्ष स्थानिक परिषद किंवा एखादे सरकारी खातेच असते; म्हणजे ज्याच्याविरुद्ध सल्ला द्यायचा, त्याच्याच तिजोरीतून संस्थेचा खर्च चालतो. या अनुदानावरून झालेल्या अनेक वादांचे मूळ येथे आहे.

इतिहास

ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, पहिली नागरिक सल्ला कार्यालये उघडली. १९४९ च्या कायद्याने गरजूंच्या वकिलाचा खर्च सरकारने उचलण्याची तरतूद केली. मात्र तो पैसा खासगी वकिलांमार्फत खर्च होई आणि गरीब वस्त्यांत त्यांची कार्यालये फारशी नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी जुलै १९७० मध्ये लंडनच्या गोलबोर्न रोडवर, पूर्वी खाटकाचे दुकान असलेल्या जागेत, नॉर्थ केन्सिंग्टन लॉ सेंटर सुरू झाले. ते देशातील पहिले लॉ सेंटर होय. आरंभी त्याचा भार धर्मादाय न्यासांनी उचलला.

पुढील केंद्रांपैकी अनेकांना १९६८ मध्ये जाहीर झालेल्या ‘अर्बन प्रोग्राम’चा आधार मिळाला. त्यात मंजूर प्रकल्पाचा ७५ टक्के खर्च केंद्र सरकार व २५ टक्के स्थानिक परिषद देत असे. प्रस्ताव परिषदेमार्फतच जात असल्याने तिची संमती अपरिहार्य होती. लंडनमधील केंद्रांना ग्रेटर लंडन कौन्सिलचेही साहाय्य होते. १९८६ मध्ये ते मंडळच बरखास्त झाले.

स्वायत्ततेचा प्रश्न

१९८३ मध्ये मंत्री जेरार्ड व्हॉन यांनी राजकीय पक्षपाताचा संशय घेऊन नागरिक सल्ला कार्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेचे निम्मे अनुदान अडवून धरण्याचा निर्णय घेतला. त्यावर मोठा गदारोळ झाला व सर डग्लस लव्हलॉक यांच्याकडे चौकशी सोपवण्यात आली. तीत आरोपाला पुष्टी मिळाली नाही आणि अनुदान चालू राहिले. मंत्र्याचा संशय सिद्ध होवो वा न होवो, एका निर्णयाने देशभरची कार्यालये अडचणीत येऊ शकतात, हे या प्रकरणाने उघड केले.

अनुदानाकडून कंत्राटाकडे

२००० मध्ये लीगल सर्व्हिसेस कमिशन स्थापन झाल्यावर कंत्राटी पद्धतीला महत्त्व आले. हा फरक केवळ हिशेबाचा नाही. अनुदानातून जागेचे भाडे, दूरध्वनी आणि दारात आलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घेणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार निघतो. कंत्राटात ठरावीक प्रकारच्या प्रकरणांपुरतेच पैसे मिळतात. कंत्राटाच्या चौकटीत न बसणाऱ्या तक्रारीसाठी दुसरीकडून पैसा उभा करावा लागतो.

२०१२ चा कायदा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्याने भत्ते, नोकरी, कर्ज व स्थलांतर यांविषयीची बहुतेक प्रकरणे सरकारी विधी साहाय्यातून वगळली. त्याच काळात परिषदांच्या अंदाजपत्रकांतही कपात झाल्याने केंद्रांचे दोन्ही आधार एकदम खचले. अनेक केंद्रे बंद पडली. लंडनमधील लॅम्बेथ लॉ सेंटर २०१९ मध्ये बंद झाले. नॉर्थ केन्सिंग्टनचे केंद्र मात्र टिकले, आणि जून २०१७ मध्ये त्याच परिसरातील ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ जण मृत्युमुखी पडल्यावर वाचलेल्या रहिवाशांना त्याने कायदेशीर मदत दिली. या इमारतीची मालकी स्थानिक परिषदेकडे होती.