पिव्होट टेबलच्या रंगरूपाची कुळकथा

पिव्होट टेबलमध्ये हौसेने रंग भरावा, रकाने हवे तेवढे रुंद करावेत, आकड्यांत स्वल्पविराम घालावेत आणि रिफ्रेश करताच निम्मे विस्कटून जावे, हा अनुभव एक्सेलवर हिशेब करणाऱ्या बहुतेकांना आलेला असतो. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. माझ्या मते तो या तक्त्याच्या कुळातच आहे.

1979 साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क आले, तेव्हापासून स्प्रेडशीटमधल्या प्रत्येक चौकटीला पक्का पत्ता मिळाला. आकडा त्या पत्त्यावर, सूत्रही तिथेच, आणि पुढे ठळकपणा, रंग हे सारेही तिथेच येऊन बसले. 1983 च्या लोटस 1-2-3 ने हीच रीत जगभर नेली.

त्याच लोटस कंपनीत 1986 च्या सुमारास पिटो सालास यांच्या ध्यानात आले की माणसे तेच ते साचे पुन्हा पुन्हा मांडतात : महिने, विभाग, मालाचे प्रकार. मग पत्त्यांऐवजी या वर्गांनाच नावे का देऊ नयेत? त्यातून इम्प्रूव्ह घडले. त्यात माहिती, सूत्रे आणि मांडणी या तीन गोष्टी वेगळ्या होत्या. महिन्यांची आडवी ओळ ओढून उभी केली, तरी सूत्रे बिघडत नसत. स्टीव्ह जॉब्स यांना ही कल्पना इतकी भावली की 1991 मध्ये इम्प्रूव्ह पहिल्यांदा त्यांच्या नेक्स्ट संगणकावर आले. 1993 ला विंडोजवरही आले, पण बाजारात टिकले नाही. स्प्रेडशीटच्या इतिहासात इतकी स्वच्छ कल्पना दुसरी मला दिसत नाही.

तिचे बीज मात्र टिकले. ब्रिओ कंपनीचे मॅकसाठीचे डेटापिव्होट, बोर्लंडचे क्वाट्रो प्रो असा प्रवास होत एक्सेल 5 मध्ये पिव्होट टेबल अवतरले. पण इथे एक्सेलने पत्ता नसलेली कल्पना पत्त्यांच्या जाळीवर बसवली. तुम्ही बी7 ला पिवळा रंग देता. रिफ्रेशनंतर बी7 मध्ये पुण्याच्या जागी नाशिक आलेले असते. आता पिवळा रंग कोणाचा, चौकटीचा की पुण्याचा?

या प्रश्नाला उत्तरे देतच पुढच्या आवृत्त्या घडल्या. एक्सेल 97 ने स्वरूप जपण्याची सोय दिली. पिव्होट टेबलचा एखादा भागच निवडण्याची सोयही केली : शीर्षकाच्या कडेवर माउस नेला की छोटा काळा बाण दिसतो, क्लिक केले की त्या वर्गाच्या सगळ्या चौकटी निवडल्या जातात. असा दिलेला रंग त्या वर्गाला चिकटतो. अजूनही फार थोड्यांना तो बाण माहीत आहे, याचे मला वाईट वाटते. 2007 मध्ये तयार शैलींचे दालन आले : फिकट, मध्यम आणि गडद, प्रत्येकी 28. शैली चौकटीला लागत नाही, ‘एकूण बेरीज’, ‘उपबेरीज’, ‘शीर्षक’ अशा भूमिकांना लागते. म्हणून तक्ता वाढला वा आक्रसला तरी ती जागच्या जागी राहते.

आकड्यांचेही तसेच. चौकटी निवडून स्वल्पविराम देऊ नका. आकड्यावर राइट क्लिक करून ‘व्हॅल्यू फील्ड सेटिंग्ज’मधल्या ‘नंबर फॉरमॅट’मध्ये द्या, म्हणजे ते त्या रकमेचेच होतात. लाख-कोटींची मांडणी हवी असेल तर विंडोजचा प्रदेश भारत ठेवा. आणि रकान्यांची रुंदी दर रिफ्रेशला बदलत असेल, तर पिव्होट टेबलच्या ऑप्शन्समध्ये रुंदी आपोआप जुळवण्याची खूण आजच काढून टाका.