रापी आणि मोटर

गेल्या दिवाळीला अर्धापूरला जाताना मी बॅगेत एक रोटरी टूल घेऊन गेलो. मुठीत मावेल एवढं मोटरचं यंत्र. टोकाला सॅण्डपेपरचा ड्रम लावला की चामड्याची कड घासता येते, फेल्ट लावलं की चकाकी आणता येते. पुण्यात आठवडाभर कोडिंग करून डोकं भणाणलं की शनिवार-रविवारी मी चामड्याची पाकिटं शिवतो. ऑफिसातले मित्र त्याला 'भारी हॉबी' म्हणतात.

आमच्या घरात हा शब्द चालत नाही. माझे आजोबा, म्हणजे आबा, गावात चांभारकाम करायचे. बाबा शिकून शाळेत क्लार्क झाले, त्यांनी मला इंजिनिअर केलं. पोरानं पुन्हा चामड्याला हात लावू नये, यासाठी दोन पिढ्या खपल्या. आणि मी पगारातले पैसे घालून तेच चामडं विकत आणत होतो.

ओसरीवर टूल सुरू केलं. पहिल्याच पट्ट्याची कड काळी पडली, जळका वास सुटला. बाबा पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "चामडं जळायलंय की रे." मग जरा थांबून, "किती फिरतंय हे?"

"मिनिटाला पस्तीस हजार फेऱ्यांपर्यंत."

"आबाची रापी तर फिरतच नव्हती."

ते पुढं काही बोलले नाहीत. पण हातानं करायचं काम मोटरकडे नेमकं कधी आणि कसं गेलं, हे शोधायला मी त्या वाक्यामुळं लागलो.

रापी तुम्ही बसस्टॅण्डबाहेर बघितली असेल. रुंद पसरट पातं, अर्धगोल धार, मागं मूठ. तिनं चामडं कापायचं आणि तिनंच कड तासून पातळ करायची. सोबत आरी, म्हणजे भोक पाडायचं टोकदार हत्यार. टोकाला आकडा असलेली आरी भोकातून दोरा ओढूनही आणते. दोन सुयांनी हातशिलाई केली, तर एकाच दोऱ्याची दोन्ही टोकं प्रत्येक भोकातून जातात. एका जागी दोरा तुटला तरी दुसरी बाजू टाका धरून ठेवते. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकतात. एक तुटला की बाजूचे टाके सैल पडू लागतात. वेगात मात्र मशीनला तोड नाही.

हा वेग अमेरिकेत आला. एलियास हाव यांचं शिलाई मशीनचं पेटंट १८४६ चं, आयझॅक सिंगर यांचं १८५१ चं. लायमन ब्लेक यांनी १८५८ मध्ये बुटाचा तळ शिवायच्या मशीनचं पेटंट घेतलं. तरी एक काम हातातच राहिलं होतं. साच्यावर चामडं ताणून तळाला बसवायचं. चांगला कारागीर त्याचे दिवसाला पन्नासेक जोड करायचा. सुरीनाममधून मॅसॅच्युसेट्सच्या लिन गावात आलेल्या यान मात्झेलिगर या कृष्णवर्णीय कामगारानं तेही मशीन बनवलं. १८८३ मध्ये पेटंट मिळालं, आणि उत्पादन दिवसाला दीडशेपासून सातशे जोडांपर्यंत गेलं. मात्झेलिगर १८८९ मध्ये, ऐन छत्तिशीत, क्षयानं गेले. मशीनवर कंपन्या मोठ्या झाल्या.

पण हत्यारं बदलण्याआधी आणि बदलत असताना खुद्द चामडंही बदललं. आपल्याकडे कातडं बाभळीची साल, हिरडा यांच्या पाण्यात आठवडे न आठवडे मुरवायचे. क्रोमियमच्या क्षारांनी तेच काम काही दिवसांत होऊ लागलं. याचा फरक हाताला कळतो. सालीत कमावलेलं चामडं ओलं करून त्यावर ठसा मारला तर तो वाळल्यावर तसाच राहतो. क्रोमचं चामडं मऊ, लवचिक. ठसा दाबला तरी ते पुन्हा वर येतं. म्हणजे काही ठिकाणी नक्षीचा हात मशीननं घालवलाच नाही. ज्यावर नक्षी उठते ते चामडंच हातातून गेलं.

क्रोमच्या या गोष्टीत मला एक माणूस सापडला, आल्फ्रेड चॅटर्टन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे इंग्रज इंजिनिअर मद्रासमध्ये क्रोम चामड्याचे प्रयोग करत होते. कशासाठी? बुटांसाठी नाही, विहिरीवरच्या मोटेसाठी. मोट सतत पाण्यात, म्हणून लवकर कुजायची. क्रोमची मोट जास्त टिकेल असा हिशेब होता. गंमत अशी, की त्याच काळात हेच चॅटर्टन विहिरींवर ऑइल इंजिन आणि पंप बसवायच्याही मागं होते. एका हातानं मोट टिकवत होते आणि दुसऱ्या हातानं तिची गरज संपवत होते.

हे वाचलं आणि मी बाबांना फोन केला. कारण आबांचं मुख्य काम चपला नव्हतंच. ते मोटा शिवायचे.

ज्यांनी मोट बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चामड्याची मोठी पिशवी, तिला खाली चामड्याचीच सोंड. बैल धावेवरून उतरले की नाड्यानं मोट वर येणार, सोंडेतून पाणी थारोळ्यात पडणार. ती फाटली की पीक वाळणार. कातडं कमावण्याचं काम ढोर समाजाकडे, शिवण्याचं चांभारांकडे. त्याबदल्यात सुगीला खळ्यावर बलुतं. शेताला पाणी आबांच्या टाक्यांवर मिळायचं, पण त्याच वाड्यातल्या रांजणातलं पाणी त्यांना वरून, ओंजळीत घ्यावं लागायचं.

बाबा फोनवर म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्याकडे विहिरी खोल गेल्या आणि मोटरी आल्या. आबांनी शेवटची मोट त्याच सुमारास शिवली. मी विचारलं, "मोटर आली म्हणून आबांना वाईट वाटलं असेल ना?" बाबा म्हणाले, "बलुतं बंद झालं म्हणून घरात उपास पडले. पण कुणाच्या खळ्यावर हात पसरायचं बी बंद झालं. त्यातलं वाईट कोणतं म्हणू?"

मी तोवर या निबंधाचा शेवट ठरवून ठेवला होता. मशीन आलं, कला गेली, हळहळ. तो मला पुसावा लागला.

हीच गोष्ट कोल्हापुरी चपलेकडे बघताना उपयोगी पडते. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो. चामड्याच्याच वादीनं तळ शिवतात. वेणी, कान, गोंडा हे हातानंच होतं, आणि वेणीचं काम बहुतेकदा घरातल्या बायका करतात, ज्यांचं नाव दुकानाच्या पाटीवर नसतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं तशाच चपला दाखवल्या, आधी कोल्हापूरचा उल्लेखही न करता. आरडाओरडा झाल्यावर कंपनीनं प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं.

त्या आठवड्यात सगळे हातकामाबद्दल बोलत होते. जाड तळ दिवसभर रापीनं कापणाऱ्याच्या मनगटाबद्दल, वाकलेल्या पाठीबद्दल बोलणारे थोडे होते. तळ कापायला प्रेस आली, कड घासायला मोटर आली, तर त्यात कलेचं काय जातं? वेणी गुंफणारा हात त्यानं मोकळाच होईल. अट एवढीच, की प्रेस त्या कारागिराच्या मालकीची हवी. ती व्यापाऱ्याची असली, तर तोच कारागीर आपल्याच कामावर मजूर होतो. मात्झेलिगरच्या लिनमध्येही नफा मशीन ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडेच गेला.

आणि माझं काय? माझ्या हातात रापी असणं ही हौस आहे, कारण मी ती सोमवारी खाली ठेवू शकतो. आबांना तो सोमवार कधीच नव्हता. त्यांनी बाबांच्या हातात रापी दिली नाही, ती कलेवर प्रेम नव्हतं म्हणून नव्हे.

त्या दिवाळीतली एक गोष्ट सांगायची राहिली. पाडव्याच्या दुपारी बाबांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. आत फडक्यात गुंडाळलेली रापी, गंजलेली. त्यांनी ती दगडावर पाणी टाकून अर्धा तास घासली. मग मी जाळलेला पट्टा गुडघ्यावर घेतला, आणि काळी कड एका ओढीत तासून काढली. सालपट अख्खं निघालं. त्यांना हे येतं हे मला माहीतच नव्हतं.

"कुठं शिकलात?"

"बघून," ते म्हणाले. "आबा झोपल्यावर."

मग साबणानं हात धुवायला गेले. दोनदा धुतले. रापी मात्र पेटीत परत ठेवली नाही. माझ्या बॅगेत, टूलच्या शेजारी ठेवली.