पाते कशाला पाहिजे? नेसरीची खिंड, शिकलगार आणि घडीचा चाकू

कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात शिकलगार हे आडनाव कोणालाच नवीन नाही. शाळेच्या हजेरीपटात ते असते, लग्नपत्रिकेत असते, गॅरेजच्या पाटीवरही असते. अर्थ विचारला तर मात्र ते नाव लावणाऱ्यांपैकीही बरेच जण अडखळतात. अरबीत ‘सैकल’ म्हणजे धातू घासून त्याला झिलई देणारा. त्याला फारसी ‘गर’ हा प्रत्यय लागून ‘सैकलगर’ झाले आणि मराठी तोंडात बसता बसता ‘शिकलगार’. तलवारी, कट्यारी आणि भाल्यांची पाती घासून त्यांना धार देणारा तो शिकलगार. तलवारी म्यानात गेल्या, म्यानातून दिवाणखान्याच्या भिंतीवर गेल्या. आडनाव तेवढे मागे राहिले.

माझे आजोबा या धंद्यातले शेवटचे. आमच्या घरात त्यांच्यानंतर सहाणेला कोणी हात लावला नाही. गडहिंग्लज तालुक्यातल्या आठवडी बाजारांत ते फिरायचे आणि नेसरीचा बाजार सहसा चुकवायचे नाहीत. विळे, खुरपी, कोयते, कात्र्या यांना धार लावणे हे रोजचे काम. त्यांचा खरा जीव मात्र घडीच्या चाकूत होता. मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद, लाकडाच्या किंवा शिंगाच्या दोन फाका आणि पितळेची एक खीळ, एवढ्यात तो व्हायचा. गिऱ्हाईक आले की होणारे संभाषण मला पाठ झाले होते.

“चाचा, खिशात ऱ्हाईल असा एक चाकू पायजे.”

“कशाला पायजे?”

“आता चाकू कशाला असतोय? कापायला.”

“त्ये कळलं. काय कापायला?”

गिऱ्हाईक चिडायचे. आजोबा शांतपणे बिडी पेटवायचे. उत्तर मिळाल्याशिवाय ते पोलादाला हात लावत नसत. एकदा एक शेतकरी म्हणाला, “दावं, सुतळी, बैलाची येसण, असलंच काय काय कापाया लागतंय. पर टोक जरा झ्याक काढा.” आजोबा म्हणाले, “टोकाचं तुमाला काय काम, पाटील? येसण कापताना बैलानं मान हिसडली तर टोक त्येच्याच डोळ्यात जाईल.” आणि त्यांनी त्याला बिनटोकाचे पाते करून दिले. त्याची धार सरळ होती आणि पाठ पुढे उतरत येऊन धारेला मिळत होती. भोसकायला निरुपयोगी, ओढून कापायला उत्तम.

पात्याचे आकार दिसायला पुष्कळ, पण त्यामागच्या गरजा मोजक्या आहेत. दोर, चामडे किंवा तंबाखूचे पान ओढून कापायचे तर धार सरळ हवी. जनावराचे कातडे सोडवायचे तर पात्याला पोट हवे, म्हणजे धार पुढे गोलाई घेत वर चढलेली हवी. टोक मांसात रुतत नाही आणि गोलाई कातड्याखालून सरकत जाते. फांदी किंवा द्राक्षाचा घड काढायचा तर धार आत वळलेली हवी, पोपटाच्या चोचीसारखी, म्हणजे फांदी निसटत नाही. घाटाखाली आंब्याची कलमे बांधणाऱ्यांचा चाकूही घडीचाच असतो. त्याची धार सरळ आणि बहुधा एकाच बाजूने उतरवलेली असते, कारण कलमाचा काप सपाट आला नाही तर जोड बसत नाही. चौथी गरज भोसकण्याची. तिला मुठीच्या रेषेत आलेले अणकुचीदार टोक लागते.

घडीच्या चाकूत आणखी एक अडचण असते. पाते मिटून मुठीत मावले पाहिजे. म्हणून ते मुठीहून लांब असू शकत नाही आणि पोट फार सुटले तर ते खाचेबाहेर डोकावते. मिटताना धार खाचेच्या तळाला लागली तर रोज थोडी थोडी बोथट होते. टोक वर राहिले तर बंडीचा खिसा फाडते, नाहीतर मांडीत शिरते. म्हणून आजोबा आधी मिटलेला चाकू डोळ्यांसमोर आणत आणि मग उघडलेला. “उघडल्यावर समद्यांचाच चाकू चांगला दिसतोय,” ते म्हणत, “मिटल्यावर खिशात गप बसतोय का ते बगायचं.”

आजोबांचा हा प्रश्न घेऊन मी नेसरीच्या खिंडीकडे पाहू लागलो, तेव्हा लहानपणापासून ऐकलेला इतिहास मला वेगळा दिसला.

नेसरी महाराष्ट्राला माहीत आहे ती २४ फेब्रुवारी १६७४ मुळे. त्याच्या आदल्या वर्षी, १६७३ च्या एप्रिलमध्ये, उमराणीजवळ सरनौबत प्रतापराव गुजरांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडीत पकडले आणि शरण आल्यावर सोडून दिले. खान पुन्हा उलटला. शिवाजी महाराजांनी कडक शब्दांत नाराजी कळवली. तो बोल मनाला लागलेले प्रतापराव सैन्याची वाट न पाहता मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर चालून गेले आणि मारले गेले. सरनौबतपद पुढे हंबीरराव मोहित्यांकडे आले. त्याच वर्षी ६ जूनला रायगडावर राज्याभिषेक झाला. कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि लता मंगेशकरांच्या आवाजाने हे सात स्वार घराघरांत पोहोचले.

या घटनेची अलीकडे एक सोपी मांडणी होते. एका बाजूला मराठे, दुसऱ्या बाजूला खान, म्हणून हिंदू विरुद्ध मुसलमान. नेसरीच्या स्मारकापाशी उभा असताना हे मी स्वतः ऐकले आहे. पण परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या त्या सात नावांत एक नाव सिद्दी हिलाल आहे. ही यादी नंतरच्या परंपरेतून आलेली आहे, हे मान्य. तरी सिद्दी हिलाल हा स्वराज्याच्या फौजेतला सरदार होता, हे पक्के आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा तो फोडायला नेताजी पालकरांबरोबर हाच हिलाल गेला होता आणि त्या लढाईत त्याचा तरुण मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. म्हणजे वेढा घालणारा सिद्दी आणि वेढा फोडायला जाणाराही सिद्दी. उलट बाजूला, आदिलशाहीच्या चाकरीत मराठा घराणी पिढ्यान् पिढ्या होती. खुद्द शहाजीराजे १६६४ मध्ये वारले ते आदिलशाही सरदार म्हणूनच.

आता माणसे बाजूला ठेवू आणि त्यांच्या हातांतली पाती पाहू. सतराव्या शतकातल्या दख्खनमध्ये तलवारींचे ढोबळ दोन घाट होते. एक वक्र. घोडा दौडत असताना वार केला की वाकलेली धार अंगावरून घसरत जाते. ती कापते आणि अडकून राहत नाही. दुसरा घाट सरळ. त्याची पोच लांब आणि तो भोसकायलाही चालतो. मराठ्यांची धोप या सरळ घाटातली: लांब पाते, पंजाचे रक्षण करणारी वाटी आणि मुठीमागे निघालेली दांडी, जी वेळप्रसंगी दुसऱ्या हाताने धरता येई. अशा कित्येक तलवारींची पाती युरोपातून पोर्तुगीजांच्या मार्गे आलेली असत, म्हणून त्यांना ‘फिरंग’ म्हणत. मूठ दख्खनी, पाते फिरंगी. हे दोन्ही घाट विजापूरच्या फौजेत होते, रायगडच्या फौजेत होते आणि मोगलांच्या छावणीतही होते. वक्र तलवार मुसलमानांची आणि सरळ तलवार हिंदूंची, अशी वाटणी कोणत्याही शस्त्रागारात सापडणार नाही.

शब्दांचेही तसेच. तलवार, कट्यार आणि सुरी ही इथल्या भाषांची लेकरे. खंजीर, समशेर, पेशकब्ज हे शब्द अरबी-फारसीतून आले. जंबिया अरबांचा, चाकू मध्य आशियातल्या तुर्कांकडून फारसीमार्गे आलेला. आणि ज्याच्याशिवाय यातले काहीच होत नाही ते पोलाद हा शब्दच फारसी ‘फौलाद’ आहे. माल मात्र इथला होता. तेलंगणात निर्मल आणि कोनसमुद्रमच्या परिसरात मातीच्या मुशीत लोखंड बंद करून तापवत आणि जे पोलाद मिळे ते इराणपर्यंत जाई. त्याच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे, तिला जौहर म्हणत. अरबीत हिंदुस्थानी तलवारीला ‘मुहन्नद’ असे खास नाव आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या तत्त्ववेत्त्याने तलवारींच्या जातींवर एक ग्रंथ लिहिला आणि त्यातही हिंदी पोलादाची दखल घेतली. धातू आपल्याकडून गेला, नाव त्यांच्याकडून आले. पाते मात्र दोघांचे मिळून झाले.

आणि मग शिकलगार. फौज कोणाचीही असो, तलवार गंजते, बोथट होते. तिला घासायला माणूस लागतो. एका खिंडीत समोरासमोर आलेल्या पात्यांना धार लावणारे हात एकाच बिरादरीचे असणे अगदी शक्य होते. आपण ज्याला धर्मयुद्ध म्हणून रंगवतो, ते त्या कारागिराच्या डोळ्यांनी पाहिले तर दोन मालकांची चाकरी दिसते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि फौजा मोडल्या. १८७८ च्या कायद्याने इंग्रजांनी शस्त्र बाळगायला परवाना लावला. तलवारीचे गिऱ्हाईक संपले. शिकलगारांनी तेच हात, तीच ऐरण आणि पोलादाला पाणी देण्याची तीच विद्या शेतकऱ्याच्या आणि घरच्या कामाला लावली. विळी, अडकित्ता, कात्री, न्हाव्याचा वस्तरा, उसाचा कोयता. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहा. सुपारी कातरायच्या हत्याराला मोर, घोडे, बाया-माणसे असे घाट देणाऱ्या कारागिराच्या बोटांत कोणती जुनी सवय मुरली असेल, ते लगेच कळते. घडीचा चाकू याच वळणावरचा. तलवारीचे वंशज कमरेवरून उतरून खिशात आले.

त्याच काळात उत्तरेकडे रामपूरच्या नबाबी संस्थानात घडीच्या चाकूची दुसरी शाखा वाढली. लांब निमुळते पाते, अणकुचीदार टोक, उघडले की खटक्याने अडकणारे. हिंदी सिनेमाने हा रामपुरी प्रसिद्ध केला आणि बदनामही. पडद्यावर तो सुपारी कापताना कधी दिसला नाही. हळूहळू त्याचे टोक सगळ्या चाकूंना चिकटले आणि चाकू मुसलमानांना.

त्याचा चटका आजोबांनाही बसला. एका वर्षी आसपास तणाव होता. एका गावच्या बाजारात काही तरुणांनी त्यांना मांडी घालून बसू दिले नाही. “एवढे चाकू कशाला रे म्हाताऱ्या?” आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न त्या दिवशी त्यांना विचारला गेला, पण उत्तर ऐकून घ्यायला कोणी थांबले नाही. तो दावे-येसणवाला शेतकरी तिथे होता. त्याने खिशातला चाकू काढला, उघडला आणि पोरांपुढे धरला. “ह्याला टोक दावा मला. मी मागितलं हुतं, म्हाताऱ्यानं दिलं न्हाई.” पोरे गप्प झाली, पण गेली नाहीत. त्या दिवशी आजोबा सामान बांधून घरी परतले. पुढच्या बाजाराला पुन्हा जाऊन त्याच जागी बसले.

आपला कायदाही खरे तर आजोबांसारखाच विचार करतो. १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९६२ चे नियम यांनी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे धारदार हत्यार शस्त्रांत धरले, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि उद्योगाच्या कामाची हत्यारे वगळली. म्हणजे प्रश्न तोच: कशाला पाहिजे? आमच्या धर्मातही तो आहे. कुर्बानीच्या जनावराला कमीत कमी त्रास व्हावा म्हणून सुरीला आधी चांगली धार लावून घ्यावी, अशी पैगंबरांची शिकवण हदीसमध्ये आहे. आजोबा बकरी ईदच्या आधी आठवडाभर रात्री जागून सुऱ्या लावत. त्यांचे पाते लांब आणि धार सरळ, म्हणजे एका ओढीत काम व्हावे. सोलायच्या पोटवाल्या सुऱ्या वेगळ्या. एकीचे काम दुसरीकडून केलेले त्यांना खपत नसे.

त्यांनी केलेला एक घडीचा चाकू माझ्याकडे आहे. बिनटोकाचा, तळहाताएवढा. मागे नेसरीला गेलो तेव्हा तो खिशात होता. स्मारकापाशी शाळेची सहल आली होती. एका मुलाने गुरुजींना विचारले, “सर, प्रतापरावांची तलवार सरळ होती का वाकडी?” गुरुजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “दोन्ही प्रकारच्या असायच्या, बाळ. ज्याला जी हातात बसेल ती.”

एवढेच उत्तर पुरेसे आहे. पुढच्या वेळी कोणी पात्याचा धर्म सांगू लागला, तर त्याला आधी ते पाते कशासाठी केले होते एवढे विचारून पाहा.