स्लिकरॉकवरचे पांढरे पट्टे

अमेरिकेतल्या युटा राज्यात, ग्रँड काउंटीतल्या मोआब गावाच्या पूर्वेला, उघड्या खडकावर पांढऱ्या रंगाचे तुटक पट्टे मारलेले आहेत. खडकावर पाऊल उमटत नाही, म्हणून पट्टा हीच वाट. या स्लिकरॉक ट्रेलवर आज जगभरातून सायकलस्वार येतात. पण ती १९६९ मध्ये आखली गेली ती मोटारसायकलींसाठी. माउंटन बाइक तेव्हा बाजारात आलीही नव्हती.

या वाळवंटात हौसेसाठी वाट काढणं ही अगदी अलीकडची गोष्ट. १८२९ नंतरची वीसेक वर्षं सांता फे ते लॉस एंजेलिस जाणारे खेचरांचे तांडे मोआबपाशीच कोलोरॅडो नदी ओलांडत. जाताना लोकरी घोंगड्या, येताना घोडे आणि खेचरं. मग गुराखी आले. कड्यावरून खाली उतरणारी शेफर ट्रेल ही मुळात आदिवासींची पायवाट, पुढे गुरांची झाली, आणि १९५०च्या दशकात तिच्यावरून युरेनियमचे ट्रक धावू लागले.

चार्ली स्टीन या युरेनियमच्या शोधात फिरणाऱ्या माणसाला १९५२ मध्ये मोआबच्या दक्षिणेला युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि या मुलखाचा नकाशाच बदलला. सरकार अण्वस्त्रांसाठी खनिज विकत घेत होतं, रस्त्यांनाही पैसा देत होतं. बुलडोझर वाट्टेल तिकडे घुसले. सुमारे १६० किलोमीटरचा व्हाइट रिम रस्ता त्याच धडाक्यातला. आज तो कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानात आहे आणि सायकलवाल्यांना तो पुरा करायला तीन-चार दिवस लागतात.

पुढे युरेनियमचे भाव कोसळले, १९८४ मध्ये मोआबची युरेनियम-प्रक्रिया गिरणी बंद पडली. त्याच्या आदल्याच वर्षी खाणीतली नोकरी गेलेल्या ग्रॉफ बंधूंनी गावात ‘रिम सायक्लरी’ हे सायकलचं दुकान काढलं होतं. जाड टायरांच्या सायकली स्लिकरॉकवर चढल्या त्या इथूनच. नावात ‘स्लिक’ म्हणजे घसरण असली तरी रबराला हा वालुकाश्म घट्ट धरतो. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचा तो दगड, कणाकणाने खरबरीत.

मला या साऱ्यात मोलाचे वाटतात ते मात्र पट्टेच. खडक संपतो तिथे मातीवर काळपट, उंचसखल पापुद्रा दिसतो. सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफूल मिळून तो बनवतात. तोच माती धरून ठेवतो, तिला नत्र पुरवतो. एक पाऊल पडलं की तो चुरतो आणि भरून यायला कित्येक दशकं जातात. बुलडोझरने वाट्टेल तिथे रस्ता केला; पट्ट्याने माणसाला एका रेघेवर आणलं आणि बाजूची जमीन वाचवली.

गर्दीने ही शिस्तही मोडत आणली होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लोक सँड फ्लॅट्सवर, म्हणजे स्लिकरॉक ट्रेलच्याच परिसरात, कुठेही तंबू ठोकत, शेकोटीसाठी जुनिपर तोडत. अखेर काउंटी आणि केंद्राचं जमीन खातं यांनी मिळून प्रवेशशुल्क लावलं, तंबूच्या जागा आखून दिल्या. शुल्काचा पैसा तिथल्याच देखभालीवर खर्च होतो.

२०२० मध्ये याच खात्याच्या तेल-वायू लिलावाच्या यादीत स्लिकरॉकखालची जमीन आली. गाव आणि काउंटी दोघांनी हरकत घेतली: वाटेवर गावाची रोजीरोटी आहे आणि पिण्याचं पाणी त्याच खडकात मुरतं. ते भूखंड लिलावातून काढून घेण्यात आले.