कुऱ्हाडीचा दांडा

दिवाळीच्या फराळाबरोबर एखादी रहस्यकथा हाती असावी, असे वाटणारे वाचक आपल्याकडे थोडे नाहीत. जुने मित्र आणि त्यांतल्या एकाने वर्षानुवर्षे उरात दडवलेले पाप, ही तर युरोपीय रहस्यकथाकारांची आवडती सामग्री. परंतु किम फिल्बी आणि निकोलस एलियट या दोन इंग्रज मित्रांची हकीकत प्रत्यक्ष इतिहासात घडलेली आहे, आणि तिच्यापुढे कल्पित कथा फिक्या पडाव्यात.

फिल्बीचा जन्म १ जानेवारी १९१२ रोजी पंजाबात अंबाल्यास झाला. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये होते. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगच्या कादंबरीतला पोरवयाचा हेर किम. त्याचेच नाव या मुलाला लाडाने पडले आणि नियतीने ते खरे करून दाखविले! केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात तो साम्यवादाकडे ओढला गेला. १९३४ साली सोव्हिएत हेरखात्याने त्याला गुपचूप आपलासा केला आणि महायुद्धाच्या धामधुमीत तो ब्रिटिश गुप्तहेर खात्यात शिरला.

तिथे त्याची एलियटशी मैत्री जुळली. एलियटही ट्रिनिटीचाच. तेच क्लब, तेच पेले, तीच थट्टामस्करी. घराणे ठाऊक, कॉलेज ठाऊक. मग अशा माणसाची झडती कोणी घ्यावी?

१९४५ साली इस्तंबूलमध्ये कॉन्स्टान्टिन वोल्कोव्ह नावाचा सोव्हिएत अधिकारी ब्रिटिश वकिलातीत आला. आश्रय व पैसा द्या, म्हणजे तुमच्या खात्यात दडलेल्या रशियाच्या हेरांची नावे सांगतो, असे त्याचे म्हणणे. ते कागद लंडनला गेले आणि पडले नेमके फिल्बीच्या टेबलावर! त्याने मॉस्कोला इशारा दिला आणि आपण रमतगमत इस्तंबूल गाठले. तोवर पट्ट्यांत गुंडाळलेल्या वोल्कोव्हला स्ट्रेचरवरून विमानात घालून रशियात नेले होते. तो परत कोणाला दिसला नाही.

१९५१ मध्ये फिल्बीचे जुने सोबती बर्जेस आणि मॅक्लीन रशियात पळाले, तेव्हा संशयाची सुई त्याच्याकडे वळली. नोकरी गेली, पण एलियट पाठीशी उभा राहिला. १९५५ साली पार्लमेंटात मॅकमिलन यांनी त्याला निर्दोष ठरविले. पुढल्याच वर्षी, मित्राच्याच खटपटीने, तो वार्ताहर म्हणून बैरुतला गेला.

अखेर १९६२ साली फ्लोरा सॉलोमन या जुन्या परिचित बाईंनी तोंड उघडले. जानेवारी १९६३ मध्ये कबुली घेण्यास बैरुतला कोण गेले? एलियटच. चहाचे पेले समोर ठेवून दोन मित्र बोलले. फिल्बीने अर्धीमुर्धी कबुली दिली. एलियट परतला, आणि २३ जानेवारीच्या रात्री मेजवानीला येतो म्हणालेला फिल्बी नाहीसा झाला, तो मॉस्कोत उगवला. १९८८ साली तिथेच त्याचा अंत झाला.

‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही आपली म्हण इथे शब्दशः खरी ठरते. एलियटचा दोष विश्वास ठेवल्याचा नव्हे. विश्वासावाचून मैत्री कसली? दोष त्या वर्तुळाचा, ज्याने ‘आपल्यातला’ म्हणजेच ‘भरवशाचा’ असे गृहीत धरले. परक्या वोल्कोव्हने खरे सांगितले, तो जिवाला मुकला. आपल्यातल्या फिल्बीने खोटे सांगितले, त्याला पुन्हा पुन्हा खुर्ची मिळाली.