फ्रोझन हेडची वाट

अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या फ्रोझन हेड स्टेट पार्कमधल्या ‘बार्कली मॅरेथॉन्स’ या धावण्याच्या शर्यतीचे वर्णन निसर्गाविरुद्धची झुंज असे केले जाते. मला हे वर्णन अपुरे वाटते. त्या डोंगराचा इतिहास कैद्यांच्या घामाचा आहे. खाणमालकांना कैदी भाड्याने देण्याच्या प्रथेविरुद्ध 1891 मध्ये कोल क्रीकचे खाणकामगार हत्यारे घेऊन उठले. ती प्रथा संपली. पण राज्याने स्वतःच कोळशाची जमीन घेऊन 1896 मध्ये ब्रशी माउंटन तुरुंग उघडला आणि कैद्यांना पुन्हा खाणीतच उतरवले. त्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. उद्यानाचे जंगल याच सरकारी जमिनीतून राखले गेले. मार्टिन ल्यूथर किंग यांचा मारेकरी जेम्स अर्ल रे 1977 मध्ये याच तुरुंगातून पळाला आणि सुमारे 54 तासांनी काही मैलांवरच सापडला. इतक्या वेळात तो एवढेच अंतर गेला, या बातमीतून शर्यतीचे जनक गॅरी कँट्रेल यांना ही शर्यत सुचली. ती 1986 मध्ये सुरू झाली.

कोणी म्हणेल, चढ तर तुरुंगाआधीही होतेच, धावणाऱ्याला इतिहासाशी काय देणेघेणे? चढ होते, हे खरे. पण पाच फेऱ्या, साठ तासांची मुदत, आणि 2009 मध्ये बंद झालेल्या त्या तुरुंगाखालच्या बोगद्यातून जाणारी वाट, ही आखणी माणसाची आहे. 2024 मध्ये जास्मिन पॅरिस ही शर्यत पूर्ण करणारी पहिली स्त्री ठरली. तिचा पराक्रम सांगताना त्या खाणकैद्यांचा उल्लेखही व्हायला हवा.